चार्जर घ्यावा पारखून

“बहिणीकडे पुण्याला जायचे आहे. रात्रीचा प्रवास, आणि मी एकटीच. फोनचा चार्जर नवा घ्यावा म्हणते, पण दुकानात शंभर रुपयांचाही मिळतो आणि हजाराचाही. दोन्हींनी फोन चार्ज होतोच. मग फरक कशाचा?” असे यवतमाळच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे. असाच प्रश्न पुष्कळ जणींच्या मनात असतो, म्हणून आजचे सदर त्यावरच.

भगिनींनो, आपण गृहिणी खरेदीच्या बाबतीत काही भोळ्या नाही. पातेले घेताना बूड ठोकून पाहतो, साडीचा काठ उलटून पाहतो, तांदूळ तळहातावर घेऊन कणी किती ते बघतो. चार्जर घेताना मात्र हे सगळे शहाणपण कुठे जाते कोण जाणे! दत्त चौकातल्या दुकानात उभ्या उभ्या “भाऊ, एक चार्जर द्या” म्हणायचे आणि तो देईल तो पिशवीत टाकायचा. वास्तविक पातेले फार तर गळेल. चार्जरचा संबंध मात्र थेट विजेशी आणि आपल्या हाताशी आहे.

पूर्वी फोनच्या खोक्यातच चार्जर येई, त्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनसोबत चार्जर देणे थांबवले आणि पुढे इतर काही कंपन्यांनीही महागड्या फोनांच्या बाबतीत तोच मार्ग धरला. म्हणजे पारख करण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली.

प्रवासात फोन कशासाठी?

आपल्या यवतमाळकरांचा प्रवास एका टप्प्यात कधी होत नाही. शकुंतला तर केव्हाच बंद पडली. वर्धा-नांदेड मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला खरा, पण मुंबई-पुण्याची गाडी धरायची तर बहुतेक जणी आधी एसटीने धामणगाव, बडनेरा नाहीतर वर्धा गाठतात. नाहीतर रात्रभराची ट्रॅव्हल्स आहेच. या सगळ्या चढउतारात तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, ‘गाडी कुठवर आली’ ते फोनमध्ये, आणि घ्यायला येणाऱ्या भाच्याचा नंबरही फोनमध्येच. तो नंबर तोंडपाठ कुणाला असतो? मध्यरात्री फलाटावर फोन मिटला, की एकट्या बाईचे तिकीट, पाकीट आणि आवाज तिन्ही एकदम जातात.

आणि आता थोडे स्पष्टच बोलू. घरात चार चार्जर असतात. नवा मुलाकडे, जलद चालणारा यजमानांकडे, अभ्यासासाठी म्हणून एक मुलीकडे. वायरीला चिकटपट्टी गुंडाळलेला, जरा वाकडा धरला तरच चालणारा जो उरतो, तो आईचा. “माझं काय, मी घरातच असते” म्हणत आपणही तो चालवून घेतो. उरलेली पोळी आपण खातो तसेच हे. शिळ्या पोळीने फार तर पोट दुखेल, पण उघड्या वायरीशी असा समजूतदारपणा बरा नव्हे. म्हणून पहिली गोष्ट ही, की प्रवासाचा चार्जर स्वतःसाठी, स्वतःच्या नावाने, नवा घ्यावा.

शंभराचा आणि हजाराचा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भिंतीतल्या प्लगात २३० व्होल्टची वीज असते. फोनला मात्र साधारण ५ किंवा ९ व्होल्टच पुरतात. चूल आणि हात यांच्यामध्ये सांडशी असते ना, तसा चार्जर भिंत आणि फोन यांच्यामध्ये असतो. त्याच्या पोटात तारेची दोन वेटोळी असतात. एक भिंतीकडचे आणि एक फोनकडचे. ती एकमेकांना कुठेही टेकलेली नसतात. दोहोंत आवरण असते आणि मोकळे अंतर राखलेले असते. वीज अलीकडून पलीकडे पोचते ती चुंबकाच्या जोरावर. भिंतीतली वीज थेट फोनच्या बाजूला येऊ नये, यासाठी ही सगळी व्यवस्था असते.

स्वस्त, बिननावाचा माल काटकसर करतो ती नेमकी इथे. आवरण पातळ, अंतर कमी, आणि आत ठिणगी पडली तर वीज तोडणारा भाग गायब. फोन त्यानेही चार्ज होतो, म्हणून फरक दिसत नाही. तो दिसतो एखाद्या दमट पावसाळी रात्री, किंवा विजेचा दाब एकाएकी वाढतो तेव्हा. सांडशी ढिली असली तरी चहाचे पातेले रोज उतरतेच की, पण एखाद्या दिवशी हातावर येते. तसेच हे.

अर्थात महागडे ते सगळे चांगले असेही समजू नये. हजार रुपयांतले काही पैसे नुसत्या नावाचे आणि वेगाचे असतात. म्हणून किमतीपेक्षा लेबल वाचावे.

लेबलावर काय पाहावे?

चार्जरच्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत बरेच काही लिहिलेले असते. चष्मा लावावा, किंवा फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून पाहावा. दुकानदार घाई करील, करू द्यावी.

पहिले म्हणजे नोंदणी क्रमांक. भारत सरकारने २०१२ साली हुकूम काढून काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची केली. पुढे मोबाइलचे चार्जर आणि पॉवर बँकही त्या यादीत आले. नोंदणी असलेल्या चार्जरवर सहसा ‘आयएस १३२५२’ हा मानकाचा आकडा आणि त्याजवळ इंग्रजी ‘आर’ अक्षर व पुढे आठ अंक असतात. मिक्सरवर किंवा इस्त्रीवर आपण जो आयएसआयचा शिक्का पाहतो, त्याहून ही खूण वेगळी आहे बरं का! चार्जरवर हा ‘आर’ क्रमांकच शोधायचा.

आकडा छापणे काही कठीण नाही, तो खोटाही असू शकतो. त्यासाठी ‘बीआयएस केअर’ नावाचे सरकारी ॲप फोनमध्ये घ्यावे, ते फुकट आहे. त्यात हा क्रमांक टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आणि कोणत्या वस्तूचा ते कळते. चार्जरवरचा क्रमांक टाकला आणि भलत्याच वस्तूचे नाव आले, तर खोके हसतमुखाने परत करावे. वस्तू घेतल्यावर गडबड उमगली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मात्र त्यासाठी हातात पावती हवी. “पावती कशाला, आपलंच दुकान आहे” या वाक्यावर विसंबू नये.

दुसरे, एकात एक असे दोन चौकोन. ही दुहेरी आवरणाची खूण. दोन पिनांच्या चार्जरला जमिनीशी जोडणारी तिसरी पिन नसते, म्हणून त्याला हे दुहेरी संरक्षण लागते.

तिसरे, ‘इनपुट’ या शब्दापुढचा आकडा. तिथे १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे असावे. असा चार्जर आपल्याकडे उन्हाळ्यात दाब खाली गेला तरी चालतो आणि परदेशातही चालतो.

चौथे, ‘आउटपुट’. त्यापुढे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. दोहोंचा गुणाकार केला की वॅट येतात. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ९ व्होल्ट आणि २.२२ अँपिअर म्हणजे जवळजवळ २० वॅट. साध्या फोनसाठी २० ते ३० वॅटचा चार्जर पुष्कळ झाला. लॅपटॉपही त्यावरच चालवायचा असेल, तर ६५ वॅटच्या आसपासचा पाहावा लागतो.

इथे एक गैरसमज दूर करू. “मोठ्या चार्जरनं छोटा फोन जळतो” असे पुष्कळ जणी म्हणतात. नोंदणी असलेल्या चांगल्या चार्जरच्या बाबतीत हे खरे नाही. जेवायला बसलेल्याने “पुरे” म्हटले की आपण वाढायचे थांबतो, तसा चार्जर आधी फोनला विचारतो आणि फोन मागेल तेवढेच देतो. तेव्हा घरातल्या दोन फोनांना मिळून दोन तोंडांचा एक चांगला चार्जर घेतला, तर खर्च आणि ओझे दोन्ही वाचते. फक्त दोन्ही तोंडे एकदम वापरली की वॅट वाटले जातात, म्हणून वेळ थोडा जास्त लागतो.

तोंड मात्र चपट्या-लांबट, गोल कडांच्या ‘सी’ प्रकारचे निवडावे. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना हेच तोंड सक्तीचे झाले आहे आणि आपल्याकडेही बहुतेक नव्या फोनांना तेच असते. पुढचा फोन घेतला तरी चार्जर वाया जाणार नाही.

वायर विसरू नका

चार्जर चांगला आणि वायर फुटपाथवरची, म्हणजे नव्या नळाला जुनी फाटकी नळी लावण्यासारखे झाले. वायर टोकाजवळ सर्वात आधी मोडते. घेताना तिथे जाड, लवचीक आवरण आहे ना ते पाहावे. ‘सी’ प्रकारची साधी चांगली वायर ६० वॅटपर्यंत चालते. त्याहून अधिक हवे असेल, तर तसे वायरीच्या खोक्यावर लिहिलेले असावे लागते. प्रवासासाठी एक मीटर वायर सोयीची. फार लांब वायर घेतली तर पायात येते आणि फोन खाली पडतो.

वायर चार्जरभोवती दोरा गुंडाळावा तशी आवळून ठेवू नये. हातावर सैल वळी करून ठेवावी. जुन्या खणाच्या किंवा सुती साडीच्या तुकड्याची दोन कप्प्यांची पिशवी शिवावी. एका कप्प्यात चार्जर, दुसऱ्यात वायर. पर्समधली सुटी नाणी आणि हेअरपिना वायरीच्या तोंडात जात नाहीत आणि घाईत सापडतेही पटकन.

निघण्याआधी घरी परीक्षा

नवा चार्जर प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नये. चार-पाच दिवस आधी, दिवसाउजेडी, आपण जवळ असताना लावून पाहावा.

प्लगात तो घट्ट बसतो का? नुसत्या वायरीच्या भाराने खाली झुकत असेल, तर आत ठिणग्या पडतात आणि पिना तापतात. परदेशातून आलेल्या काही चार्जरच्या गोल पिना आपल्यापेक्षा बारीक असतात. त्या आपल्या प्लगात ढिल्या बसतात, हेही ध्यानात ठेवावे.

अर्ध्या तासाने हाताची पाठ लावून पाहावी. कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल इतका गरम झाला, जळका वास आला, चिरचिर आवाज आला, किंवा फोनला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर बटण बंद करून तो काढून टाकावा. “नवा आहे ना, होईल ठीक” अशी त्याची समजूत घालत बसू नये. असा चार्जर घरात दुसऱ्या कुणालाही देऊ नये, कामवाल्या बाईंना तर मुळीच नाही. आपल्या घरात जो धोका, तो त्यांच्या घरातही धोकाच.

गाडीत आणि मुक्कामी

रेल्वेच्या डब्यात प्लग असतात, पण रात्रभर त्यावर भिस्त ठेवू नये. २८ डिसेंबर २०१३ रोजी बंगळूर-नांदेड एक्स्प्रेसच्या डब्याला आग लागून २६ प्रवासी दगावले. त्यानंतर रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे प्लग बंद ठेवावेत, अशी शिफारस रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी केली. मार्च २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने तिची अंमलबजावणीही सुरू केली. तेव्हा जेवणाचा डबा उघडण्यापूर्वीच फोन लावावा आणि झोपण्यापूर्वी काढून जवळ घ्यावा. यात चोरीची भीतीही टळते.

बसस्थानकावर, विमानतळावर किंवा ट्रॅव्हल्सच्या आसनाजवळ नुसती वायर खोचायची भोके असतात. त्याच वायरीतून वीज जाते तशी फोनमधली माहितीही जाऊ शकते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने फसवणुकीच्या प्रकारांवर ‘बी अवेअर’ नावाची पुस्तिका काढली. तीत या प्रकाराबद्दल सावध केले आहे. ज्या फोनात बँकेचा व्यवहार आहे, तो आपल्याच चार्जरने भिंतीतल्या प्लगाला लावावा. नाइलाजाने तसल्या भोकाला लावावाच लागला आणि पडद्यावर “माहिती देऊ का?” अशा अर्थाचा प्रश्न आला, तर नकार द्यावा.

माहूरला, शेगावला किंवा पंढरपूरला मुक्काम असला की खोलीत एकच प्लग आणि फोन सहा, हे ठरलेले! मग एकाला एक जोडत प्लगांची उतरंड रचली जाते. ती रचू नये. पाळी लावावी. ओल्या हाताने, न्हाणीघराच्या दाराशी, गादीत किंवा उशीखाली फोन लावू नये. कापसात उष्णता कोंडते. लहान मूल बरोबर असेल तर फोन काढल्यावर चार्जरही लगेच काढावा, कारण लोंबणाऱ्या वायरीचे टोक मुलांच्या तोंडात हमखास जाते.

आणि आपल्याकडचा मे महिना विसरून कसे चालेल? ऊन ४४-४५ अंशांवर गेले की उभ्या मोटारीत भट्टी होते. तिथे समोरच्या काचेखाली फोन किंवा पॉवर बँक मुळीच ठेवू नये.

पॉवर बँक घ्यावी का?

रात्रीच्या बसला ती सोयीची, पण तिलाही हाच ‘आर’ क्रमांक पाहावा. १०,००० एमएएचची बँक एका बाईच्या दोन दिवसांच्या प्रवासाला पुरते. पोट फुगलेली, तडा गेलेली किंवा जोरात आपटलेली बँक वापरू नये आणि कचऱ्याच्या घंटागाडीतही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

विमानात ती सामानाच्या मोठ्या पेटीत ठेवायला मनाई आहे, हातातल्या पिशवीतच न्यायची. मर्यादा साधारण १०० वॅट-अवरची. हिशेब सोपा आहे. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागावे. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, म्हणजे मर्यादेच्या आत. विमानात ती वापरण्याबाबतचे नियम अलीकडे कडक होत आहेत, ते निघण्यापूर्वी कंपनीला विचारावेत. हा नुसता कायद्याचा काच नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधीच एक विमान पेटले. त्यातले सर्व १७६ जण बाहेर पडले. सामानाच्या कप्प्यातली पॉवर बँक हे त्या आगीचे संभाव्य कारण असल्याचे चौकशीत पुढे आले.

लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाताना

हल्ली पुष्कळ जणींना हा योग येतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची आणि पिना दोन चपट्या. लंडन, दुबई आणि सिंगापूर इथे तीन जाड चौकोनी पिना. ऑस्ट्रेलियात तिरप्या. त्यासाठी मिळतो तो ‘ट्रॅव्हल ॲडॉप्टर’ फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. आपला चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असल्याने त्यावर खुशाल चालेल. पण “चटणीला लागेल” म्हणून इथला मिक्सर नेला, तर तो अमेरिकेत धड फिरणार नाही. उलट तिकडून आणलेल्या यंत्रावर नुसते १२० व्होल्ट लिहिले असेल, तर ते इथे लावताच जळेल. ॲडॉप्टर हलका असतो. त्यावर इस्त्री, पाणी तापवायची किटली असले काही लावू नये.

एवढे सगळे ध्यानात राहायला कठीण वाटेल, पण दुकानात विचारायचे प्रश्न चारच आहेत. ‘आर’ क्रमांक कुठे आहे? इनपुट १०० ते २४० आहे का? वॅट किती? आणि पावती देता ना? चारांची उत्तरे नीट मिळाली, तर दोनशे-चारशे रुपये जास्त गेले म्हणून हळहळू नये.

आणि आणल्यावर त्यावर रंगीत धागा बांधावा किंवा मार्करने आपले नाव घालावे. “आई, तुझा चार्जर घेतो गं जरा” असे म्हणत कुणी उचलू लागले, तर या एका बाबतीत ठाम नाही म्हणावे. तो आईच्या प्रवासाच्या पिशवीतला चार्जर आहे, तिथेच राहील.